दुपट्ट्याखालचा भाव

"बोलू नोका. हात द्या."

आमच्या कापूस बाजारात ज्याचे ज्याचे त्यांच्याशी काम पडले, त्याने हे कधी ना कधी ऐकलेच आहे. हात पुढे केला की त्यांच्या डाव्या खांद्यावरचा दुपट्टा सरकन खाली येई, दोघांच्या मनगटांवर पसरे आणि त्याखाली बोटांची हालचाल सुरू होई. तोंडाने ते भलतेच काही विचारत असत. पोरीचे लग्न जमले का, विहिरीला पाणी किती, म्हातारीचा खोकला कसा आहे. कापूस सोडून साऱ्या जगाची चौकशी होई. मग दुपट्टा उचलला जाई, ज्याचा हात त्याला परत मिळे, आणि बंडीभर कापूस विकला गेलेला असे.

नाव सांगत नाही. ते कापसाचे दलाल होते आणि बाजारात त्यांना सगळे दादाजी म्हणत, एवढे पुरे. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याच्याकडे विकायला काही नाही, ज्याला विकत घ्यायचेही काही नाही, आणि तरी त्याच्यावाचून बाजारात काही विकले जात नाही. अशा माणसाबद्दल पुस्तकांत फारसे चांगले लिहिलेले नसते. मी पुस्तके वाचणारा. माझेही मत चांगले नव्हते.

आमचे गाव अकोला आणि अमरावती यांच्या मधले, तालुक्याचे. तिथल्या बाजार समितीत मी कारकून होतो. दिवाळी झाली की काळ्या रस्त्यांवरून कापसाच्या बंड्या यायला लागत आणि होळीपर्यंत त्यांची रांग तुटत नसे. पहाटेच बैल सुटत, बंड्या टेकत. जिनचे, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांचे, खरेदीदार हिंडू लागत. बंडीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस ओढून काढायचा, दोन अंगठ्यांत धागा ताणून पाहायचा, एखादी सरकी दाताखाली फोडून ओल पाहायची. मग खरेदीदार दादाजींकडे बघे, आणि दादाजी दुपट्ट्याकडे.

एक बोट धरले तर एक, चार धरली तर चार, सगळा पंजा धरला तर पाच. पुढचे आकडे त्यावरून. ही बाराखडी बाजारातल्या कुत्र्यालाही माहीत होती, पण कोणत्या बंडीवर कोणती बोटे दाबली गेली हे दोन हातांशिवाय तिसऱ्याला कळत नसे. बंडीच्या मालकालासुद्धा नाही. सौदा झाला की दादाजी मालकाचा हात धरून, पुन्हा दुपट्ट्याखालीच, त्याला त्याचा भाव सांगत. त्याने मान हलवली तर हलवली.

आता यात लबाडीला किती जागा आहे ते सांगायला नकोच. दुपट्ट्याखाली एक भाव ठरवून शेतकऱ्याला दुसराच सांगणारे दलाल आमच्या बाजारात होते. दादाजींनी आयुष्यात तसे कधीच केले नाही, असे मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. दुपट्ट्याखाली मी कधी पाहिलेले नाही. दलाली ते दोन्हीकडून घेत, हे मात्र पाहिले आहे.

सौदा दुपट्ट्याखाली होई, पण त्याची परीक्षा व्हायची ती जिनच्या आवारात. बंडी तिथे रिकामी केली की वरचा पांढराशुभ्र कापूस आणि तळचा कापूस वेगवेगळे दिसू लागत. तळचा ओला किंवा डागी निघाला की जिनवाला ठरलेला भाव पाडू पाही. शेतकऱ्याचा माल जमिनीवर ओतलेला, बैल थकलेले. तो जाणार कुठे? अशा वेळी दादाजी ढिगाच्या मधोमध, गुडघाभर कापसात जाऊन उभे राहत आणि एकाच तोंडाने दोन्हीकडे बरसत.

"वरून चांदी अन् खालून चिखल? अबे, सोताच्या गादीत तरी भरशील का हा कापूस?" हे शेतकऱ्याला. लगेच वळून जिनवाल्याला, "अन् तुमी शेठ, सकाळी डोये घरी ठेवून आल्ते का? बंडीत हात घातला तवा तयाशी काहून नाई घातला?"

अर्ध्या तासात काहीतरी मधले ठरे. ते कोणाच्याच मनासारखे नसे. दोघेही चडफडत आपापल्या वाटेने जात. दादाजी अंगावरचा कापूस झटकत म्हणत, "दोघं बी नाराज गेले ना? मंग भाव बरोबर होता."

माझ्या वडिलांचा त्यांच्यावर फार जीव. का, ते सांगतो. आम्ही बौद्ध होण्याच्या दोन-तीन हंगाम आधीची गोष्ट. बाबांचा अर्धी बंडी कापूस होता, काकांचा अर्धी. दोघे मिळून बाजारात आले. त्या काळी आमच्या गावचा वैद्य बाबांची नाडी मनगटावर फडके टाकून, फडक्यावरून बघत असे. इकडे दादाजींनी म्हटले, "हात द्या," आणि बाबांना वाटले ते दुसऱ्या कोणाला म्हणताहेत. त्यांनी मागे वळून पाहिले. मागे बैल होता. दादाजींनी त्यांचा हात ओढून घेतला, दुपट्टा वर टाकला आणि एकेक बोट दाबून भाव सांगितला. वैद्याचे फडके दोन हातांच्या मधे असे, दादाजींचे वर.

बाबा हे पुढे आयुष्यभर सांगत राहिले. मी एकदा, कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मस्तीत, म्हणालो, "बाबा, त्यात त्यांचा मोठेपणा काय? हात धरल्याशिवाय त्यांना भाव सांगताच येत नव्हता."

बाबा म्हणाले, "वैद्याले तरी हात धरल्याबिगर कुठं नाडी पायता येत होती?"

मी समितीत लागलो तेव्हा बाबांनी मला दादाजींच्या पाया पडायला लावले. दादाजींनी माझ्या काखेतले पुस्तक पाहिले आणि त्या दिवसापासून मला मास्तर म्हणू लागले. मी मास्तर नाही, कारकून आहे, हे मी दोन-तीनदा सांगितले. ते म्हणाले, "पुस्तक वाचून पोट भरते तो मास्तर. तुमी फी कोनापासून घेता ते तुमचं तुमी पा."

परवानाधारक दलालाने छातीवर समितीचा पितळी बिल्ला लावला पाहिजे असा नियम होता. दादाजी तो कोटाच्या आतल्या बाजूला लावत. मी टोकले.

"दादाजी, बिल्ला बाहेर लावा."

"काहून?"

"लोकांना नंबर दिसला पाहिजे."

"नंबर वाचत बसले तं माहं तोंड कोन पायीन? अन् मास्तर, तोंड पाहून फसला तं मानूस मले शिव्या देते. नंबर पाहून फसला तं कोनाले देईन?"

मी नोंद केली: समज दिली. अशा माझ्या हातच्या सतरा समजा त्यांच्या कागदांत असतील.

त्यांची एक गंमत गावभर माहीत होती. तालुक्यात ज्यांच्याइतका घासाघीस करणारा माणूस नव्हता, त्यांना भाजीबाजारात कोणीही फसवावे. भाजी विकायला बायका बसत. बायकांचा हात धरता येत नाही, आणि तोंडाने भाव करण्याची जिभेला सवयच नाही. ती म्हणेल तो आकडा ते मुकाट्याने देत आणि वर किडकी वांगी घेऊन घरी येत. शेवटी त्यांच्या बायकोने त्यांना भाजीला पाठवणे बंद केले. "बाजारचा वाघ," ती आम्हाला सांगे, "अन् घरी आनते तं काय, किडे."

मग मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र आला, मण जाऊन क्विंटल आला, आणि एक-दोन हंगामांनी आमच्या समितीत ठराव आला की दुपट्ट्याखालचे सौदे बंद. यापुढे प्रत्येक बंडीचा उघड लिलाव. भाव चारचौघांत पुकारला जाईल. चोरून सौदा करणाऱ्या दलालाचा परवाना रद्द.

ठरावाचा मसुदा मी लिहिला. हे मला कोणी करायला लावले नव्हते. मी आनंदाने लिहिला. ज्या घरात लिहिता येणारा माणूस पहिल्यांदाच निपजतो, त्या घराचा लिहिलेल्यावर फार विश्वास असतो. आमचे जे काही भले झाले ते कागदावर झाले, उघड झाले, सगळ्यांना वाचता येईल असे झाले. अंधारात, पदराआड, पडद्यामागे जे जे ठरत आले ते कधी आमच्या बाजूने ठरले नाही. मला दुपट्टा म्हणजे तोच पडदा वाटे. आजही, खरे सांगायचे तर, ठरावातला एक शब्द बदलावा असे मला वाटत नाही. अडचण तीच आहे.

नोटीस फळ्यावर लावली तेव्हा दादाजी आले. त्यांना वाचता येत होते ते दुसरीपर्यंतचे. म्हणाले, "वाचून दाखवा." मी वाचून दाखवली.

"अक्षर झाक आहे," ते म्हणाले. "कोनाचं?"

"माझं."

"मंग बरोबर असन." मग माझ्याकडे वळले. "मास्तर, चांगल्या कापसाचा भाव वरडून सांगा, मले काई म्हननं नाई. पन खराब कापूस बी बाजारात येते. त्याचा भाव वरडून सांगता येत नाई."

"का नाही? जो असेल तो भाव."

"भाव कापसाचा राहत नाई मंग. बंडीवाल्याचा होते."

मी हसलो. मला वाटले, धंदा बुडणाऱ्या माणसाला शेवटी सुचतात तसली ही तत्त्वज्ञाने आहेत. तशी ती होतीही. पण खोटी होती असे नाही.

उघड लिलावाचा पहिला हंगाम उत्तम गेला. हे लिहिलेच पाहिजे. चांगल्या कापसाला चढाओढीने भाव मिळाला, बंडीवर उभे राहून आपला भाव आपल्या कानांनी ऐकताना शेतकऱ्यांच्या माना ताठ झाल्या. बाबासुद्धा खूश झाले, जरी त्यांनी ते मला कधी बोलून दाखवले नाही. दादाजी बंड्यांच्या रांगेतून हात मागे बांधून हिंडत. कोणी कौतुकाने विचारले, "काय दादाजी, आता काय करता?" तर म्हणत, "ऐकून राहिलो."

दुसऱ्या हंगामात दिवाळीच्या तोंडावर अवेळी पाऊस झाला आणि उमललेली बोंडे झाडावरच भिजली. अशा कापसाला आमच्याकडे कवडी म्हणतात. पिवळट, डागी, हाताला चिकटणारा. घेणारे तोही घेतात, पण घेतला असे सांगत नाहीत.

त्या दिवशी अशी एकच बंडी होती. मालक चाळिशीचा, अंगावर धुतलेला सदरा. बाजाराला येताना माणूस धुतलेला सदरा घालतो, कापूस कसाही असो. पुकारणारा बंडीजवळ आला, त्याने मूठ वर करून कापूस दाखवला आणि नियमाप्रमाणे ओरडला, "बोला!"

कोणी बोलेना.

"बोला, बोला शेठ!"

भर बाजारात पहिला भाव फुटणार आणि तो कवडीवर आपल्या नावाने फुटणार, हे कोणत्याच जिनवाल्याला नको होते. मागून एक जण म्हणाला, "हयद लावून आनला का रे?" हळदीचा हा विनोद लोकांना आवडला. दुसरा म्हणाला, "लगीन लावून द्या त्याचं!" हशा पिकला. मालकही हसला. तो सगळ्यांत जास्त हसला. पुकारणाऱ्याने नियमाप्रमाणे तीनदा पुकारले आणि पुढच्या बंडीकडे गेला. मी माझ्या कागदावर लिहिले: बोली नाही.

थोड्या वेळाने पाण्याच्या टाकीमागे मला दुपट्टा दिसला. एका बाजूला दादाजी, दुसऱ्या बाजूला एक खरेदीदार, तोंडाने म्हातारीच्या खोकल्याची चौकशी चाललेली. मी तिथे जाऊन उभा राहिलो. खरेदीदाराने विंचू चावल्यासारखा हात काढून घेतला आणि निघून गेला. सौदा अर्धाच राहिला. दादाजींचा हात दुपट्ट्याखाली तसाच पुढे.

"दोन बोटं बाकी होती मास्तर," ते म्हणाले. "पान खाऊन आले असते तं झालं असतं."

मला पान खाऊन यायला हवे होते का? हा प्रश्न मी स्वतःला आता विचारतो. त्या वेळी विचारला नाही. मी खोलीत गेलो आणि अहवाल लिहिला. चांगल्या अक्षरात.

योगायोगाने त्याच दुपारी समितीची सभा होती. प्रकरण लगेच पुढे आले. सभापती शेतकऱ्यांचे प्रतिनिधी म्हणून निवडून आलेले. त्यांचे शेत होते हे खरे, आणि त्यांचा जिन भावाच्या नावावर होता हेही खरे. खिडकीतून आवार दिसत होते. आवारात ती एकच बंडी उरलेली, आणि मालक बैलांना कडबा टाकत बसलेला.

परवाना जाईल की राहील, हे माझ्या साक्षीवर ठरायचे होते. मी भिंतीशी उभा होतो. सभापतींनी दादाजींना विचारले, "टाकीच्या मागं काय करून राहिले होते?"

"तोंडानं नाई सांगता येत साहेब. तोंडानं करत असतो तं तुमी बोलावलंच नसतं."

सदस्यांत एक तरुण वकील होते. त्यांना काटेकोरपणाची हौस. ते म्हणाले, "मग करून दाखवा. नेमकं काय घडलं, समितीला कळलं पाहिजे."

"कोनासंगं?"

"कोणाही सोबत. सभापतींसोबत दाखवा."

दादाजी टेबलापाशी गेले. "बोलू नोका," ते सभापतींना म्हणाले. "हात द्या."

सभापतींनी हात दिला. दुपट्टा टेबलावर पसरला. दादाजींनी खिडकीतून बंडीकडे पाहिले. सभापतींनीही पाहिले.

"मोठ्या सुनबाईची तब्येत कशी आहे?" दादाजींनी विचारले.

"बरी आहे. माहेरी गेली," सभापती म्हणाले, आणि त्यांचे डोळे बारीक झाले. दुपट्टा जरासा हलला. सभापतींनी मान हलवली, नाही म्हणून. दादाजी म्हणाले, "विहिरीचं काम कुठवर आलं?" दुपट्टा पुन्हा हलला. वकील पुढे वाकून पाहत होते. आम्ही सगळेच पाहत होतो. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. सभापतींच्या कपाळावर एक आठी पडली, मिटली, बोट घट्ट दाबल्यासारखा त्यांचा खांदा एकदा हलला, आणि त्यांची मान खाली-वर झाली. होय म्हणून.

दादाजींनी दुपट्टा उचलून खांद्यावर टाकला. "झालं. हेच करून राहिलो होतो." आणि खिडकीशी जाऊन आवारात ओरडले, "अबे, बैल जुप! बंडी सभापतीसाहेबाच्या जिनात ने! भाव मी येऊन सांगतो तुले!"

तेव्हा सभापतींना कळले. तीस-पस्तीस वर्षे त्या हाताने दुसरे काही केलेच नव्हते. खुर्चीत बसले होते ते समितीचे सभापती, पण दुपट्ट्याखाली गेला होता तो जिनवाल्याचा हात. तो आपल्याच धन्याला न विचारता सौदा करून मोकळा झाला होता.

सभापती लाल झाले. पण त्यांनी तो सौदा मोडला नाही. दाबलेले बोट फिरवायचे नाही, हा आमच्या बाजारातला सर्वांत जुना नियम, आणि तो कुठल्याच पुस्तकात नाही. कवडीची बंडी ठरल्या भावाने त्यांच्या जिनमध्ये रिकामी झाली. तळचा कापूस ओला निघाला तरी ते एक शब्द बोलले नाहीत.

आणि त्याच सभेत, त्याच हाताने, त्यांनी दादाजींचा परवाना रद्द केला. वकिलांनी मजकूर सांगितला, मी लिहिला: आरोपीने गुन्हा सभेसमक्षच केला असल्याने वेगळ्या साक्षीची आवश्यकता उरली नाही. सौद्याला दुसरा हात लागतो, पण त्या हाताला शिक्षा काय, ते आमच्या नियमात नव्हते. मसुदा माझाच होता.

दादाजींनी कोट उलटा करून बिल्ला काढला. पिनेला गंज चढला होता, निघेना. मीच काढून दिला. बाहेर व्हरांड्यात ते मला म्हणाले, "तुमाले साक्ष द्या लागली नाई ना मास्तर? बरं झालं. घरी गेल्यावर बापाले काय सांगितलं असतं?"

त्यांनी ते बंडीसाठी केले, हे मला माहीत आहे. माझ्यासाठीही केले असेल, असे समजण्याचा मला अधिकार नाही. तरी मी कधी कधी समजतो.

त्या हंगामानंतर बायको वारली आणि ते चांदूर रेल्वेला मुलीकडे राहायला गेले. बाकीचे दलालही हळूहळू पांगले. समितीने दलाल संपवले, असे आम्ही वार्षिक अहवालात लिहिले. वाक्य माझे.

मग जिनच्या आवारांतून तंटे येऊ लागले. लिलाव उघड होत होता, भाव उघड ठरत होता, पण बंडीचा तळ अजूनही बंडीच्या तळाशीच होता. माल ओतला की जिनवाला म्हणे ओला, शेतकरी म्हणे कोरडा. दोघेही खरेच बोलत. ढीग तिथेच पडून राही, दोन-दोन दिवस. शेतकरी समितीच्या दारात येऊन बसत. तेव्हा समितीने, दीर्घ चर्चेनंतर, एक नवे पद निर्माण केले: तंटा निवारक. काम, शेतकरी आणि खरेदीदार यांच्या मधे उभे राहून तडजोड घडवणे. पगारी. शिक्षण मॅट्रिक.

दलाल काढून टाकून मधे उभा राहणारा माणूस शोधायची ही जाहिरात लिहिताना मला हसू आले नाही, हे विशेष. मी फक्त शब्दांचे लिंग-वचन तपासले.

सभापतींनीच सुचवले की दादाजींना मॅट्रिकची अट माफ करावी. ठराव झाला. पत्र घेऊन मी चांदूरला गेलो. मला वाटत होते की जे माझ्या हाताने गेले ते माझ्याच हाताने परत जाते आहे. त्या प्रवासात मी पुस्तक उघडलेसुद्धा नाही.

ते अंगणात बाजेवर बसले होते. वाळले होते. मुलीने ज्वारीची भाकर, ठेचा आणि वरण वाढले. जेवण होईपर्यंत त्यांनी मला कामाचे विचारले नाही. बाबांचे गुडघे कसे आहेत ते विचारले. मग म्हणाले, "वाचा."

मी वाचले.

"पगार कोन देईन?"

"समिती."

"दर महिन्याले?"

"दर महिन्याला. तंटा असो वा नसो."

मुलगी दारात उभी होती. म्हणाली, "घ्या ना बाबा. घरी बसून काय करता?"

दादाजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढून मांडीवर घेतला. मग म्हणाले, "दलाली मी दोघापासून घेत होतो. लोक शिव्या देत, दोन्हीकून खाते म्हनून. खात होतोच. पन दोन्हीकून खात होतो म्हनून दोघाचा होतो. पगार घेतला तं मी समितीचा झालो. मंग मधात कोन उभं राहीन?"

"पण दादाजी, कोणीतरी लागेलच."

"तुमी रहा."

"मला कापसातलं काय कळतं?"

"मॅट्रिक आहा ना," ते म्हणाले, आणि ठसका लागेपर्यंत हसले. मुलीने पाणी आणून दिले.

दादाजींनी नकार दिल्याचे मी येऊन कळवले. पद रिकामे ठेवता येत नव्हते. समितीने ते, मूळ काम सांभाळून, माझ्याकडे दिले.

त्याच्या पुढल्याच हंगामातली दुपार. एका जिनच्या आवारात मी उभा होतो. बंडी रिकामी झालेली, तळचा कापूस ओला निघालेला. जिनचा माणूस एक आकडा सांगत होता, शेतकरी दुसरा, आणि मी दोघांना समितीच्या नियमांच्या पुस्तकातले कलम वाचून दाखवत होतो. समितीच्या शिपायाने तिथेच पोस्टकार्ड आणून दिले. कोपरा फाडलेले होते, म्हणजे वाचायच्या आधीच कळले की कोणीतरी गेले. चांदूरचा शिक्का होता. अक्षर जावयाचे असावे.

"कोन गेलं?" जिनच्या माणसाने विचारले. मी सांगितले. तो जुना माणूस. त्याने टोपी काढली आणि ढिगाच्या कडेला खाली बसला. शेतकरी तरुण होता. त्याने दादाजींना पाहिलेले नव्हते. त्याने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिले. मग त्याने विचारले, "मंग साहेब, माह्या कापसाचं काय?"

मी कलम पुन्हा वाचले. मोठ्याने वाचले. ते अगदी बरोबर होते. जिनचा माणूस म्हणाला की तो आपल्या आकड्यावरून हलणार नाही. शेतकरी म्हणाला की तोही नाही. दोघे माझ्याकडे बघत राहिले, आणि मी पुस्तकाकडे.

शेवटी शेतकऱ्याने बैलांना पाणी दाखवले आणि ओतलेला कापूस कवेत घेऊन पुन्हा बंडीत भरायला लागला. एकटाच होता. मी पुस्तक आणि पोस्टकार्ड एका दगडावर ठेवले, बाह्या वर केल्या आणि त्याला हात लावू लागलो. तो म्हणाला, "राहू द्या साहेब, तुमचे कपडे खराब होतीन." आम्ही भरत राहिलो. जिनची शिटी झाली, माणसे घरी गेली. तळचा ओला कापूस भरायचा अजून बाकीच होता.